चौरागडचा टवका

गोळीबार चौक, नागपूर
७ नोव्हेंबर १९८२

हायेत गा, हायेत. तुह्ये सगळे दगड जाग्यावर हायेत, एकबी फेकला नाई. तीन पानाचं पत्र, त्यात मायची खबर एका ओळीत आनि दगडाची अडीच पानं! शेजारच्या यमुताईले वाचून दाखवलं तं ते म्हनते, "रंभाबाई, हा पोट्टा तुमच्या पोटचा नाई वं, खदानीतून उचलून आनला." मी म्हनली, चूक माहीच हाये. शालिकराम नाव ठेवलं. देव्हाऱ्यातल्या दगडाचं नाव ठेवल्यावर पोट्टा दुसरं काय करन?

आता एकेकाचा पत्ता सांगते. सीताबर्डीच्या टेकडीवरचा काळा हाये तो लोनच्याच्या बरनीत वजन म्हनून ठेवला. एवढा कामाचा दगड तुह्या साऱ्या पेटीत दुसरा नाई निघाला. मनसरच्या खानीतला जड हाये तो दाराले अडकन लावला. चकचक करते तो यमुताईची नातीन मागून राहिली, मी देत नाई, म्हनली, सरकारी माल हाये. आनि तू ज्याची खास चौकशी केली तो तांबडा टवका, ज्याच्यावर तुह्या हातानं पांढऱ्या रंगात 'चौ-३' लिहिलं, तो देवाच्या फळीवर हाये. चौरागडचा म्हनून तिथं ठेवला. हळदकुंकू मी लावत नाई, आपोआप उडते.

पन डाकेनं पाठव म्हनतं ते नाई होनार. पोस्टातला बाबू इचारन, "बाई, पार्सलात काय हाये?" दगड. "कोनाले पाठवून राहिल्या?" पोराले. "कुठं?" शिलाँगले. "तिकडं दगड नाईत का?" मंग मी काय सांगू? पोरगा सर्वेत मोठा सायेब हाये, दगडाचा डाक्टर हाये, त्याले घरचाच दगड लागते?

पायजे असन तं येऊन घेऊन जा. बाबाच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी गेला तो गेला. साडेआठ वर्सं झाली. तुह्या पत्रात चेरापुंजीले किती इंच पानी पडलं ते असते, तू जेवला का ते नसते.

तुही माय


३ जानेवारी १९८३

शालिक,

म्हंजे असं हाये तं. टवका मशिनीखाली पाहाचा हाये, त्यात बारीक भेग हाये का म्हनून. मी तुही टिंगल करत होती, आनि तू हे घेऊन बसला होता.

पत्र मी चार डाव वाचलं. चौथी शिकलेली बाई हाये, पन एवढं समजलं. चौरागडचा डोंगर म्हंजे कधीकाळची नदीची रेती हाये. करोडो वर्सं दबून दबून दगड झाली. म्हनून तो दगड पानी पिते. पावसाळ्यात ऐंशी ऐंशी इंच पानी पिते, मंग पुसाच्या थंडीत वर दहिवर गोठते, कनाकनात शिरलेलं पानी फुगते आनि दगडाचे पापुद्रे सुटतात. वरून पक्का दिसते, आतून खिळखिळा राह्यते. आनि अशा दगडाले तू कालेजात असतानी, एकाहत्तर साली, हातोडीचे दोन घाव घालून टवका काढला. तीन वर्सानं त्याच शिळेवर तुह्या बाबाले पाय द्याले सांगतलं.

तू लिहिलं का, "माय, मी घाव घातला तिथूनच ती फाटली असन. आनि मीच म्हनलं, बाबा, ह्या शिळेवर या, ही मी पाह्यली हाये, पक्की हाये."

साडेआठ वर्सं तू हे पोटात ठेवलं?

मले तवा एवढंच सांगतलं होतं का पाय घसरला. आदल्या दिवशी गारा पडल्या होत्या, धुकं होतं, त्रिशूल घेऊन शिवरातीले चढनाऱ्या पोह्याची गर्दी होती म्हनून तुम्ही वाट सोडून बाजूनं चढले. तू पुढं होता. मांगून गोटे घरंगळल्याचा आवाज आला, वळून पाह्यलं तं धुक्यात कोनीच नाई. तू दरीत उतरला ते बाबापाशी. वर शिळेकडं परत गेलाच नाई. मंग ती तुटली हे तू पाह्यलं कधी?

आनि दोष द्याचाच असन तं नवसाले दे. तो माहा होता. तू तीन वर्साचा, एकवीस दिवस मुदतीचा ताप, डोळे पांढरे केले होते. मी मोठ्या महादेवाले म्हनलं, पोरगा जगू दे, हाताशी येऊ दे, त्याचा बाप त्याच्या वजनाचा त्रिशूल खांद्यावर घेऊन चौरागड चढन. ताप उतरला तवा दानेवाल्याच्या तराजूत बसवलं तुले. अकरा शेर भरला. तुहे बाबा म्हनले, "बरं झालं पोट्टा वाळला, नाई तं माहा खांदाच जाता." तुले नौकरी लागली आनि लोहाराकडून अकरा शेराचा त्रिशूल करून आनला. ज्याच्यासाठी नवस त्यानं हात लावाचा नाई, आनि चढ लागला का भुईले टेकवाचा नाई. तू दोन डाव म्हनला होता ना, "द्या बाबा, मी घेतो"? ते देनारच नव्हते. तू किती शिकला तरी त्याईनं दिला नसता.

टवका मी पाठवत नाई. मशीन काय सांगन? मशीन दगडाचं सांगन.

तुही माय


२ मार्च १९८३

शालिक,

रागावू नको, मी जाऊन आली. शिवरातीचा पोहा निघाला, म्हनलं आपनबी पाहून येऊ पोराचा डोंगर. यमुताई म्हनते, "तुमचे गुडघे घरी ठेवून जा, ते काही चढत नाईत." मी म्हनली, गुडघे राहू दे, जीभ संगं नेते, ते चढवन.

तुह्या पत्रातलं सारं पडताळून आली. पिपरियाले उतरलो तवा अंगातून घाम चालला होता, पचमढीले पोचलो तं दात वाजून राहिले. तू म्हनतं ते खरं, नागपूरपेक्षा दहा अंशानं थंड असन. सकाळी गवतावर दहिवर असं का कोनी पीठ सांडलं. महादेवाच्या गुफेत वरून थेंब थेंब पानी पडून राहिलं होतं, पावसाळा जाऊन चार महिने झाले तरी. म्हंजे डोंगर पिते ते खरंच सोडते सावकाश. त्या मानानं आमची रामटेकची टेकडी कोरडी ठन्न. मी त्या गुफेत हात पुढं करून थेंब झेलला आनि म्हनली, हे माह्या पोराच्या हिशेबानं किती जुनं पानी असन!

मंग चढ. तांबडा दगड, त्यात हरभऱ्याएवढे गोल गोटे चिकटलेले, आपल्या कन्हान नदीत सापडतात तसेच. मी शेजारच्या भगताले सांगतलं, "बाप्पा, ही नदी हाये, आपन नदी चढून राहिलो." तो बिचारा मले उन लागलं समजून आपलं पानी देऊन बसला.

वर देवळापाशी त्रिशूलच त्रिशूल. हजारो. गंजून एकात एक अडकले. तुह्या बाबाचा त्रिशूल पोह्यातल्या लोकांनी दरीतून काढून वर नेऊन रोवला होता म्हनतात. म्या लय शोधला. अकरा शेराचे बी शंभर असतीन. कोनता आपला ते काही समजलं नाई.

शिळेची जागा सापडली नाई. धुकं होतं.

टवका संगं नेला होता पिशवीत. म्हनलं त्याले माहेर दाखवाव. परत आनला, फळीवर ठेवला.

तुही माय


२१ मे १९८३

शालिक,

इथं सेहेचाळीस झालं काल. भुईवर पानी शिंपडलं का वाफ निघते. चिमन्या माठापाशी चोच वासून बसतात, मी त्याईले म्हनते, जा शिलाँगले, तिथं माहा पोट्टा हाये, त्याच्यापाशी पावसाची काही कमी नाई.

तुह्या बाबाचा हातमाग अजून उभा हाये. इकत घेनारं गिऱ्हाइक येते, पाहून जाते. ते पाय सोडून बसत त्या खड्ड्यात मी आता कांदे ठेवते, थंड राह्यते. दिवसभर दुसऱ्याच्या सुताच्या कांड्या भरते. चरखा फिरते, हात चालते, डोकं कुठचं कुठं जाते.

तू इचारलं, बाबाले धाप लागत होती का? लागत होती. बिडी पिनाऱ्या कोनाले लागत नाई? मागावर जनम काढलेला मानूस, बसून बसून पोट सुटलं होतं, जिना चढला तरी हाशहुश कराचा. आनि हे आता काहून इचारतं? एवढ्या वर्सानं? तिकडं पानी पडून पडून तुह्या डोक्यात शेवाळ धरलं का? दवाखान्याचे कागद मागतं. मेलेल्या मानसाचे कागद कोन ठेवते? चुलीत गेले.

तुह्या नौकरीचं वाचलं. पुलाच्या पायव्याखालचा दगड पक्का हाये असं लिहून द्याचं होतं, तू सही केली नाई. सहा डाव पाह्यलं, साऱ्या परीक्षा बरोबर निघाल्या, तरी हात उठला नाई. वरचा सायेब म्हनला, "तू दगडाले घाबरतं का?" आनि तू राजीनामा लिहून ठेवला. डोंगरावर जात नाई, टेबलाशी बसतं, टेबलाशीबी आता बसवत नाई. पस्तिशीचा झाला. लगनाचं मी बोलत नाई. आधी मी टिंगल कराची, तिकडची खासी सून आन, मले सुपारी खाले शिकवन. आता टिंगल केली का मलेच कसं तरी वाटते.

पोरा, सही कर. दगडाले काही होत नाई. दगड पक्के असतात.

जेवत जा.

तुही माय


१० जुलै १९८३

शालिक,

पत्र काल मिळालं. पंचवीस तारखेले निघतं. नागपूरले येत नाई, पिपरियाले उतरून सीधा चौरागड. भर पावसात. तूच लिहितं का ह्या दिवसात दगड पानी पिऊन बसलेला राह्यते, वर शेवाळ, ढग खाली उतरतात, हातभर दिसत नाई, आनि तिथंच चालला. दरीत ती तुटकी शिळा शोधनार. तिच्यावर आपला हातोडीचा घाव दिसला का मंग "माहं काम संपलं" असं लिहिलं. हे वाक्य मले नाई समजलं. का समजलं, म्हनूनच मी काल जेवली नाई?

आज टिंगल करत नाई. एक्स्प्रेस टपालानं पाठवून राहिली, निघाच्या आधी पोचाले पायजे.

दरीत शोधू नको. शिळा दरीत नाई. जाग्यावर हाये.

मार्चात मी लिहिलं धुकं होतं. नव्हतं. आभाळ एवढं साफ होतं का पलीकडचा धूपगड दिसून राहिला होता, सातपुड्यातला सगळ्यात उंच म्हनतं ना तू, तो. वाट सोडून बाजूनं वर गेली. शिळा तू सांगतली तशीच, दारापुढच्या ओट्याएवढी, कडेले दोन घावाची खाच. खाचेत शेवाळ वाळलं होतं, नखानं काढलं. पिशवीतून तुहा टवका काढला आनि बसवला. बसला. फट नाई उरली. 'चौ-३' वर आलं.

मंग मी तिच्यावर उभी राह्यली. हालली नाई. लुगडं खोचलं आनि उड्या मारल्या. साठीची बाई. खालून पोह्यातले लोक पाहून हसत होते, एक जन ओरडला, "आजीच्या अंगात महादेव आला!" मी मारतच राह्यली. तुटाव म्हनून मारत होती, शालिक. तुटली असती तं तू म्हनतं ते खरं झालं असतं आनि माह्या माथी काही उरलं नसतं. माय असून मले तसं वाटलं. ती नाई तुटली. तुहे घाव वरवरचे होते, शिळा अजून शंभर पोहे चढवन.

तुह्या बाबाच्या मांग कोन होतं, आठवते? धोंडबा. बाजूच्या मागावर बसनारा. दहाव्याच्या दिवशी तो मले परसात घेऊन गेला. म्हनला, "वहिनी, मी चार हातावर होतो. दगड नाई हालला, रामाजी हालला." शिळेवर आले, थांबले. एक हात छातीवर. तोंड उघडं. धोंडबा म्हनला, "बसा दादा, टेकवा त्रिशूल." ते म्हनले, "टेकवाचा नाई ना गा." बसाले पाह्यत होते, पन खांद्यावर अकरा शेर घेऊन बसाचं कसं, म्हनून उभेच राह्यले. उभ्या उभ्या कलले. पायाखालचे बारके गोटे घरंगळले, तो आवाज तू आयकला.

धोंडबा म्हनला, "शालिकले सांगतो, पोरगा सोताले खाऊन राहिला." मी म्हनली, सांगशील तं माह्या दारात पाय ठेवू नको. त्यानं नाई सांगतलं. मंग त्यानंच पाय ठेवला नाई माह्या दारात, मरेपर्यंत.

आता कागदाचं. चुलीत गेले ते खरं, मीच टाकले, तेरवीच्या आधी.

त्या वर्सी जानेवारीत तुह्या बाबाले मागावर बसल्या बसल्या घाम फुटला होता. तू तवा कामाच्या ट्रेनिंगले होता. मी त्याईले मोठ्या दवाखान्यात नेलं. तपासून झालं, ते बाहेर सदरा घालाले गेले. डाक्टर उत्तरेकडचा होता, हिंदीत बोलला, "माताजी, इनका दिल सूज गया है. चढ़ाई मत करवाना. घर का जीना भी नहीं." मी म्हनली, और तिरसूल? त्याले समजलं नाई. म्हनला, "वजन तो बिलकुल नहीं."

बाहेर आली तं हे इचारतात, "काय म्हनला?"

मी म्हनली, "बिडी सोडा म्हनते."

ते हसले आनि तिथंच फाटकापाशी बिडी पेटवली.

घरी येऊन त्रिशूल कोपऱ्यात पाह्यला. नवस त्याईच्या खांद्याचा बोलली होती मी, माह्या नाई. फेडला नाई तं महादेव आपलं दिलेलं परत घेईन, असं मनात बसलं. तू नवा नौकरीले लागला होता, डोंगर-दऱ्यातच फिरनार होता. म्हनलं, ते चढले तं चढले. नाई चढले तं देव काय ते पाहीन. त्याईले सांगतलं असतं तं ते गेले नसते. भित्रे होते ते, तुले मालूम हाये. म्हनून सांगतलं नाई. मले दोघांतून एक ठेवाचा होता, मी तुले ठेवलं. डोंगरावर ते गेले आनि चौदाव्या दिवशी तूबी गेला.

तू तेरवीले भिंतीशी बसून म्हनत होता, "माह्या मुळं गेले, माह्या मुळं गेले." सारे म्हनत होते, नाई रे बाप्पा. मीबी म्हनत होती. पन एका वाक्याचं काम होतं, ते मी नाई बोलली. शिळा नाई तुटली हे मले दहाव्यापासून मालूम होतं, छातीचं मले महिनाभर आधीपासून मालूम होतं. तू जवर सोतावर राग धरून बसला होता तवर तो माह्यावर येनार नव्हता. म्हनून मी तुले तसंच बसू दिलं.